बी.सी. नंबरचं बेळगाव : कॅम्प नावाच्या वस्तीचं प्रकरण

बेळगावात घराचा पत्ता लिहिताना तीन तऱ्हेचे नंबर येतात. गणपत गल्ली, रामदेव गल्ली, खडे बाजार अशा जुन्या गावात सी.टी.एस. नंबर, म्हणजे सिटी सर्व्हेचा. अनगोळ, मजगाव, हिंडलग्याकडे, जिथे शेतं मोडून प्लॉट पडले, तिथे आर.एस. नंबर, म्हणजे शेतजमिनीच्या फेरमोजणीचा. आणि खानापूर रोडवरून कॅम्पात शिरलं की हाय स्ट्रीट असो नाहीतर हॅवलॉक रोड, पत्त्यात बी.सी. नंबर, म्हणजे कँटोन्मेंटच्या, लष्करी छावणीच्या दप्तरातला. रोजच्या व्यवहारात कुणाला त्याचं काही वाटत नाही. पोस्टमनला कळतं, कुरिअरवाल्याला कळतं, काम भागतं. पण घर विकायला काढलं, वाटणी करायची झाली, बँकेत कर्जाला कागद ठेवायचे झाले, की लक्षात येतं : हे तीन नंबर म्हणजे तीन वेगळी दप्तरं आहेत, आणि तिसऱ्या दप्तरातली जमीन बहुतेक वेळा राहणाऱ्याच्या मालकीची नाहीच.

हे प्रकरण त्या तिसऱ्या दप्तराचं आहे. ज्या वस्तीसाठी ते उघडलं गेलं ती वस्ती आता उरलेली नाही. सैन्य आहे, रस्ते आहेत, सेंट मेरी चर्च आहे. पण इंग्रजांनी गावाला लागून जी स्वतंत्र नगरी वसवली होती, जिचा स्वतःचा बाजार, स्वतःचा न्यायाधीश, स्वतःचा दवाखाना आणि स्वतःची हद्द होती, ती बेळगाव शहराने हळूहळू पोटात घेतली. ती कशी घेतली, तिच्यातलं काय आपण आठवणीत ठेवलं आणि काय साफ सोडून दिलं, हे नीट मांडून ठेवावं असं मला बऱ्याच वर्षांपासून वाटतं. आता तर त्या दप्तराचेच हात बदलायची चर्चा चालू आहे, म्हणून घाई आहे.

किल्ल्याच्या आत, मग गावाच्या पलीकडे

सुरुवात १८१८ ची. पेशवाई संपत आली होती आणि दक्षिण मराठा मुलखात कंपनीचा सेनानी थॉमस मन्रो एकेक ठाणं घेत वर सरकत होता. धारवाडकडून निघून, बदामी घेऊन तो मार्चच्या उत्तरार्धात बेळगावच्या किल्ल्यासमोर आला. किल्ला लेचापेचा नव्हता. भोवती रुंद खंदक, आत सुमारे शंभर एकर जागा, तेराव्या शतकाच्या आरंभी रट्टांच्या काळात उभी राहिलेली कमल बस्ती आणि सोळाव्या शतकात असदखानाने बांधलेली सफा मशीद. एकवीस दिवसांच्या वेढ्यानंतर १० एप्रिल १८१८ ला किल्ला पडला.

मन्रोचं सैन्य मद्रास इलाख्यातलं होतं. ही बाब पाठ्यपुस्तकात येत नाही, पण कॅम्पच्या जडणघडणीत ती फार महत्त्वाची आहे. पलटण कधी एकटी चालत नाही. तिच्यामागे तमिळ-तेलुगू बोलणारी माणसं आली : हिशेबनीस, कंत्राटदार, स्वयंपाकी, गाडीवान, पालं ठोकणारे. कॅम्पात कोंडप्पा स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. मराठी-कन्नड सीमेवरच्या गावात हे नाव तसं कुणाच्या डोळ्यांवर येत नाही, म्हणून त्याच्यामागे कोणती माणसं होती हे कुणी विचारतही नाही.

बेळगावच का, याची कारणं नकाशा उघडला की दिसतात. समुद्रसपाटीपासून अडीच हजार फूट उंची, घाटावरून येणारा वारा, उन्हाळा सोसण्यासारखा. गोऱ्या शिपायाला आजारातून वाचवायचं तर अशी हवा लागते, हे कंपनी सरकारला तोवर कळून चुकलं होतं. त्याहून मोठं कारण शेजाऱ्यांचं. पश्चिमेला पोर्तुगीजांचा गोवा आणि सावंतवाडी, उत्तरेला कोल्हापूर, आजूबाजूला पटवर्धनांच्या जहागिरी. इतक्या संस्थानांच्या मधोमध फौज ठेवायची तर इथेच. त्याचा प्रत्यय १८४४ मध्ये आला. कोल्हापूर संस्थानातल्या गडकऱ्यांनी सामानगडावर बंड पुकारलं तेव्हा त्यांच्यावर चालून गेलेली फौज बेळगावातून निघाली होती. दरम्यान १८३६ मध्ये धारवाड जिल्ह्याचे दोन भाग करून बेळगाव हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि लष्करी ठाण्याला कलेक्टरची कचेरी जोडली गेली.

आता जागेची मांडणी बघा, कारण पुढचं सगळं तिच्यावरून ठरलं. पूर्वेला किल्ला. त्याच्या पश्चिमेला गाव. आणि गावाच्याही पश्चिमेला, मोकळ्या माळावर, छावणी. म्हणजे जुनं बेळगाव दोन लष्करी जागांच्या मध्ये दाबलं गेलं. गावाला वाढायचं तर वाट उरली ती दक्षिणेला आणि उत्तरेला. आजही शहराचा नकाशा पाहिला तर तो असा बाजूंनी चेपल्यासारखा का दिसतो, याचं उत्तर दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या निवडीत आहे.

किल्ल्यातली वस्ती केवळ गोऱ्यांची होती असा समज आहे, तो बरोबर नाही. १८९२ च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद बेळगावात आले, तेव्हा पहिले काही दिवस ते गावात, रिसालदार गल्लीत भाटे वकिलांकडे उतरले होते. तिथून ते हरिपद मित्र यांच्याकडे गेले. मित्र हे वनखात्यातले बंगाली अधिकारी, राहायला किल्ल्यात. त्या घराच्या जागी आज रामकृष्ण आश्रम आहे. गावातल्या मराठी वकिलाचं घर आणि किल्ल्यातल्या बंगाली अंमलदाराचं घर : एकाच संन्याशाच्या मुक्कामात वसाहतीच्या काळातल्या बेळगावच्या दोन बाजू येऊन जातात. सरकारी नोकरीच्या जोरावर हिंदी माणूस तोवर साहेबाच्या हद्दीत राहू लागला होता.

बंगले कुणाचे, बाजार कुणाचा

कॅम्पबद्दल लिहिताना बहुतेक जण बंगल्यांपाशी थांबतात. कौलारू छप्पर, खांबांचा व्हरांडा, भोवती दोन-दोन एकरांचं आवार, जुनी झाडं. फोटो सुंदर येतात. १८६९ च्या सुमाराला बांधून पुऱ्या झालेल्या सेंट मेरी चर्चच्या रंगीत काचांबद्दलही भरपूर लिहिलं जातं. मला या सगळ्याविषयी आदरच आहे. पण हा कॅम्पचा निम्मासुद्धा इतिहास नाही. साहेब तीन वर्षं राहायचा आणि पलटणीबरोबर मेरठला नाहीतर एडनला जायचा. बाजार मात्र जागचा हलत नव्हता.

छावणी म्हणजे आधी एक प्रचंड गिऱ्हाईक. हजारो माणसांना रोज मांस, दूध, पाव, भाजी, सरपण लागणार. घोड्यांना गवत आणि हरभरा. कपडे धुवायला धोबी, शिवायला शिंपी, बुटांना मोची, पाण्याला पखाली. बंगल्यात खानसामा, आया, माळी, मोतद्दार. हे सगळे पुरवायला प्रत्येक मोठ्या छावणीत सदर बाजार वसवला जाई, शिवाय पलटणींचे आपापले लहान बाजार असत. भाव दुकानदाराच्या मर्जीवर नसत. निरख ठरवून दिलेला असे. कुणी बाजारात राहायचं, कुणाला हद्दीबाहेर घालवायचं, हे कँटोन्मेंट मॅजिस्ट्रेटच्या हातात. तो बहुधा लष्करी अधिकारीच. म्हणजे गावातल्या बेळगावकरावर नगरपालिकेचं आणि कलेक्टरचं राज्य, तर त्याच्यापासून हाकेच्या अंतरावरच्या कॅम्पातल्या बेळगावकरावर फौजेचं.

या बाजारातून जी माणसं जमली ती गावात जमली नसती. मद्रासकडच्या मंडळींचा उल्लेख वर आला. गोव्याहून आलेले ख्रिस्ती स्वयंपाकी, बेकरीवाले, बँडवाले. दखनी बोलणारे मुसलमान खाटीक, घोड्यांचे व्यापारी. कोकणातून वर आलेले मराठी गडी. जवळच्या खेड्यांतून दूध आणि गवत घेऊन येणारे मराठा शेतकरी, पेठेतले लिंगायत व्यापारी. बेळगावची मराठी जी कानाला अशी वेगळी लागते, तिच्यात कन्नड आहे हे सगळ्यांना माहीत आहे. पण तिच्यात दखनी आणि कोंकणीही आहे, आणि माझ्या मते त्यातला बराच वाटा या कॅम्पच्या बाजारातून आला. घराघरांतून मोलाने राबणाऱ्या माणसांना चार भाषांत निभावून न्यावं लागत होतं.

आणखी एक गोष्ट टाळून चालणार नाही. १८६४ च्या कँटोन्मेंट कायद्यानंतर छावण्यांमध्ये वेश्याव्यवसायाची सरकारी नोंद होऊ लागली. गोऱ्या शिपायांना गुप्तरोगांपासून वाचवण्यासाठी बाजारातल्या बायकांची सक्तीने तपासणी व्हायची, आजारी निघाली तर तिला लॉक हॉस्पिटलात, म्हणजे गुप्तरोगांच्या दवाखान्यात, डांबायचं. शिपायाला तसलं काही नाही. हिंदुस्थानभरच्या छावण्यांत हा प्रकार चालला आणि त्याविरुद्ध विलायतेत मोठी चळवळ उभी राहिल्यावर तो कागदोपत्री मागे घेतला गेला. कॅम्पच्या बंगल्यांच्या आठवणी निघतात तेव्हा या बायकांचं नावही निघत नाही. त्यांचा काही माग असेल तर तो सरकारी अहवालातल्या आकड्यांतच.

अंतर राखायचं तंत्र

गाव आणि कॅम्प यांच्यात जी रुंद मोकळी पट्टी, मैदानं आणि रस्ते दिसतात, त्यांचं मूळ केवळ ऐटीत नाही. १८५७ नंतर ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातल्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करायला एक रॉयल कमिशन नेमलं. १८६३ मध्ये त्याचा अहवाल आला. गोऱ्या सैन्यात दर हजारी वर्षाला सरासरी ६९ माणसं मरत होती, आणि त्यातली बहुतेक लढाईत नव्हे, तर पटकी, हगवण आणि तापाने. फौजेला दाट वस्तीपासून लांब ठेवा, बराकी विरळ बांधा, पाणी आणि सांडपाणी वेगळं करा, अशा शिफारशी झाल्या आणि त्यातूनच १८६४ चा कायदा आला. रोग 'नेटिव्ह' गावातून येतो अशी पक्की समजूत होती. म्हणून कॅम्पचे रस्ते सरळ आणि रुंद, आवारं मोठी, आणि गावाशी मध्ये अंतर.

या अंतराचा परिणाम दुहेरी झाला. गावातल्या पैशाने कधीच झाले नसते असे रस्ते आणि पाण्याची सोय कॅम्पात झाली. लक्ष्मी टेकच्या बाजूचं नाव आजही पाण्याशीच जोडलेलं आहे. आणि गावाच्या वाट्याला दाटी आली. १९०१ च्या खानेसुमारीत छावणीसह बेळगावची लोकसंख्या ३६,८७८ होती. आजच्या हिशेबाने हे लहानसं गाव. पण त्या लोकसंख्येतल्या गावकऱ्यांना मिळालेली जागा आणि फौजेच्या ताब्यात असलेली जागा यांचं प्रमाण मनात आणलं, की प्लेगच्या साथीत गल्ल्यांमध्ये काय झालं असेल याची कल्पना येते.

जमीन सरकारची, घर तुमचं

आता त्या बी.सी. नंबरकडे येतो, कारण या प्रकरणाचा गाभा तिथे आहे.

कंपनी सरकारला छावणीत अधिकाऱ्यांसाठी घरं हवी होती, पण बांधायचा खर्च नको होता. तेव्हा अशी युक्ती निघाली : जागा सरकारची राहील, घर ज्याने बांधलं त्याचं. सरकारला जागा हवी झाली की महिन्याची नोटीस द्यायची, बांधकामाची भरपाई द्यायची आणि जागा परत घ्यायची. यालाच 'ओल्ड ग्रँट' म्हणतात. अधिकारी बदलून जाताना घर दुसऱ्या अधिकाऱ्याला विकायचा. पुढे पुढे ही घरं विकत घेऊन साहेबांना भाड्याने देणारे हिंदी मालक तयार झाले. सदर बाजारात दुकानांसाठी आणि घरांसाठी भाडेपट्टे होते. १९२४ मध्ये नवा कँटोन्मेंट कायदा झाला, निवडून आलेले सभासद असलेली बोर्डं आली, आणि त्यापाठोपाठ जमिनीची नोंद ठेवण्याचे नियम झाले. प्रत्येक छावणीत एक जनरल लँड रजिस्टर उघडलं गेलं. लोक त्याला जी.एल.आर. म्हणतात.

या रजिस्टरात सगळ्या जमिनीचे वर्ग पाडले आहेत. 'ए' वर्ग फौजेच्या वापरातला किंवा तिच्यासाठी राखून ठेवलेला. 'सी' वर्ग बोर्डाच्या ताब्यातला, म्हणजे रस्ते, मंडई, दवाखाने वगैरे. आणि मधला 'बी' वर्ग, त्याचे पुन्हा पोटभाग. त्यातला 'बी-तीन' म्हणजे खाजगी माणसाच्या वहिवाटीतली पण सरकारचा हक्क असलेली जागा. कॅम्पातली घरंदारं मुख्यतः या वर्गात येतात. अशा घराची विक्री करायची तर नोंद बदलायला परवानगी, आवाराचे तुकडे पाडायला बंदी, निवासी जागेत धंदा सुरू करायला बंदी, वरती मजला चढवायला बोर्डाची मंजुरी. चार भावांनी घर वाटून घेतलं तरी रजिस्टरात ते एकच राहतं, आणि कित्येक वेळा पणजोबांच्या नावावरच.

कुणाला वाटेल ही निव्वळ अडचण आहे. राहणाऱ्यांना ती आहेच, आणि तिचा जाच पिढ्यान्‌पिढ्या सोसलेली कुटुंबं कॅम्पात आहेत. बँका अशा कागदावर कर्ज द्यायला कचरतात. मुलं पुण्याला, बंगळूरला गेली की घर दुरुस्तीअभावी खचतं. पण इतिहासाच्या बाजूने पाहिलं तर याच बंधनांमुळे कॅम्पची आवारं मोडली नाहीत, रस्ते अरुंद झाले नाहीत आणि झाडं उभी राहिली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुठल्या जागेवर कोण होतं, कधी होतं, कोणाकडून कोणाकडे गेलं, याची साखळी एका ठिकाणी लिहिली गेली. खानसाम्याच्या, शिंप्याच्या, बेकरीवाल्याच्या नावाचा कुठे लेखी पुरावा सापडण्याची शक्यता असेल तर ती या रजिस्टरात आणि बाजाराच्या भाडेपट्ट्यांत आहे. त्यांनी आत्मचरित्रं लिहिली नाहीत. चर्चच्या भिंतीवर त्यांच्या नावाच्या संगमरवरी पाट्या नाहीत.

रूळ ओलांडून गेलेलं शहर

सदर्न मराठा रेल्वेचे रूळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेळगावात आले. स्टेशन कॅम्पच्या आणि गावाच्या सांध्यावर पडलं. त्यानंतर गाव रूळ ओलांडून दक्षिणेला सरकलं, आणि तिथे ठळकवाडीच्या माळावर नवी वसाहत उभी राहिली, जी पुढे टिळकवाडी झाली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, मग नांगर बनवायला सुरुवात केली. त्यांच्या कारखान्याची जागा याच नव्या वसाहतीसाठी नगरपालिकेला हवी झाली. १९१० मध्ये ते औंध संस्थानात गेले आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. शहरात त्यांच्या नावाचा रस्ता राहिला. छावणीने गावाची पश्चिम अडवली नसती तर ही ओढाताण झाली असती का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. माझं मत असं की जागेची टंचाई हीच बेळगावच्या त्या काळातल्या प्रत्येक निर्णयामागची खरी गोष्ट होती.

मग १९२४ साल. डिसेंबरच्या २६ आणि २७ तारखांना टिळकवाडीच्या बाजूला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष. त्यांनी अध्यक्षपद भूषवलेलं हे एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांड्यांनी सगळी उभारणी केली. अधिवेशनाच्या नगरीला विजयनगर नाव दिलं, पाण्यासाठी विहीर खणली. म्हणजे त्या हिवाळ्यात बेळगावात दोन कॅम्प होते : एका बाजूला साहेबाची छावणी, दुसऱ्या बाजूला खादीच्या तंबूंची. आणि त्याच वर्षी, योगायोगाने, छावण्यांचा नवा कायदा झालेला.

दोन्ही वस्त्या गेल्या. पण त्यांच्या स्मरणात किती फरक आहे पाहा. तंबूंची नगरी काही दिवसांची होती, तरी तिची विहीर जपलेली आहे, तिथे वीरसौध हे स्मारक आहे, काँग्रेस रोड आहे, शंभरी झाली तेव्हा देशभरातून माणसं आली. हे योग्यच झालं, त्याचा अभिमान आहे. सव्वाशे वर्षं नांदलेल्या सदर बाजारातल्या माणसांसाठी मात्र एक पाटीही नाही. ती माणसं कुठल्या बाजूची होती, हे आपल्याला ठरवता आलं नाही म्हणून आपण त्यांना सोडून दिलं असावं. साहेबाच्या अन्नावर जगले म्हणून ते परके, आणि साहेबाच्या इतिहासात ते नोकर.

फौज राहिली, वस्ती गेली

१९२२ मध्ये मराठा पलटणींचं प्रशिक्षण केंद्र बेळगावात आलं. कॅम्पच्या इतिहासात १८१८ च्या खालोखाल हीच तारीख मोठी. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची पोरं भरती होऊन इथे येऊ लागली, आणि पुढे छावणीत 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही गर्जना रोज उठू लागली. दुसऱ्या महायुद्धात केंद्राचा पसारा वाढला. १९४५ मध्ये सैनिकांच्या मुलांसाठी मिलिटरी स्कूल निघालं. त्यामुळे १९४७ ला गोरी पलटण गेली तेव्हा कॅम्प ओसाड पडला नाही. मराठा लाइट इन्फंट्री आज बेळगावची ओळख आहे, आणि सीमाभागातल्या कित्येक मराठी घरांचा तिच्याशी तीन-तीन पिढ्यांचा संबंध आहे.

पण हाच सातत्याचा धागा आपल्याला फसवतो. फौज आहे म्हणून कॅम्प आहे तसाच आहे, असं वाटत राहतं. प्रत्यक्षात बाजाराचा आधार तुटला. बंगल्यातली नोकरचाकरांची फौज संपली, पलटणीचा पुरवठा बाजारातल्या कंत्राटदाराकडून न होता सरकारी व्यवस्थेतून होऊ लागला, अँग्लो-इंडियन घरं देशाबाहेर गेली. जे राहिले त्यांनी शाळा, हॉटेलं, दवाखाने, दुकानं काढली आणि त्यांचं गिऱ्हाईक सगळं शहर झालं. कॅम्पातल्या शाळांत टिळकवाडीची मुलं जाऊ लागली. मासळी घ्यायला लोक कॅम्पात जातात, संध्याकाळी मिलिटरी महादेवच्या देवळात जातात. शहर कॅम्पात घुसलं ते असं, बाजाराच्या दाराने. हद्दीचा दगड जागेवर होता.

शेजारच्या शहापूरचं उदाहरण इथे उपयोगी पडतं. शहापूर हे सांगलीच्या पटवर्धनांचं; सराफांची, विणकरांची श्रीमंत पेठ. बेळगावला खेटून असूनही दुसऱ्या राज्यात. ८ मार्च १९४८ ला सांगली संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि शहापूर बेळगावात मिसळलं. त्याचा गणेशोत्सव, त्याच्या गल्ल्या, त्याची साडी, सगळ्याला आजही 'शहापूरचं' म्हणून स्वतंत्र मान आहे, कारण तिथल्या लोकांनी आपली गोष्ट स्वतः सांगितली. कॅम्पचं उलट झालं. कायद्याने तो आजवर वेगळा राहिला, आणि गोष्ट सांगणारं कुणी उरलं नाही.

आता काय घडतं आहे

केंद्र सरकारने छावण्यांचे नागरी भाग शेजारच्या नगरपालिका-महापालिकांना जोडायचं धोरण घेतलं आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये हिमाचल प्रदेशातल्या योल छावणीपासून त्याची सुरुवात झाली. त्याच वर्षी देशातल्या ५७ छावणी बोर्डांच्या निवडणुका ३० एप्रिलला जाहीर झाल्या होत्या. त्या मार्चमध्येच रद्द केल्या गेल्या. बेळगावातही कॅम्पचा नागरी भाग महापालिकेत जाण्याचा विषय पुढे आलेला आहे. धोरणाचा साचा असा आहे की फौजेचा भाग निव्वळ लष्करी ठाणं म्हणून राहील. रस्ते, दवाखाने, मंडया अशा नागरी सोयी महापालिकेकडे विनामूल्य जातील. जिथे जमिनीवर केंद्राचा हक्क आहे तिथे तो केंद्राकडेच राहील.

राहणाऱ्यांच्या दृष्टीने मी याच्या बाजूने आहे. मतदान करून निवडलेला नगरसेवक, बांधकामाचे स्पष्ट नियम, राज्याच्या योजनांचा लाभ, हे त्यांना मिळालंच पाहिजे. पण एक धोका उघड दिसतो. हक्क केंद्राचा आणि कारभार महापालिकेचा असं झालं, तर 'बी-तीन' जागेवरच्या कुटुंबाला एकाऐवजी दोन दारं झिजवावी लागतील. आणि जिथे हक्क मोकळे होतील, तिथे खानापूर रोडलगतच्या त्या मोठ्या आवारांवर बिल्डरांची नजर जाणार. बंगला वाचवायला पत्रकं निघतील, सह्यांच्या मोहिमा होतील. सदर बाजारातली बसकी, चिंचोळी, कौलारू दुकानघरं कुणाच्या डोळ्यांसमोर येणार नाहीत. ती आधी जातील.

म्हणून हद्द बदलायच्या आधी दप्तराचं काम व्हायला हवं. संरक्षण खात्याने जमिनीच्या नोंदी संगणकावर घेतल्या आहेत, पण संगणकाला लागतं ते आजचं : सर्व्हे नंबर, क्षेत्र, वर्ग, धारक. मालकीची मागची साखळी, शेरे, हाताने काढलेले नकाशे, बाजाराचे जुने भाडेपट्टे, बांधकामाच्या परवानग्यांच्या फायली, हे सगळं 'कालबाह्य' ठरून एखाद्या खोलीत पडून राहतं, आणि कचेरी हलते तेव्हा सर्वात आधी तेच हरवतं. बोर्डाकडून महापालिकेकडे फायली जाताना त्यांची यादी होऊन, छायाप्रती निघून, एक प्रत अभ्यासकांना पाहता येईल अशा ठिकाणी यावी. बेळगावात जुनी वाचनालयं आहेत, राणी पार्वतीदेवी आणि लिंगराज यांसारखी नव्वदीकडे झुकलेली आणि नव्वदी ओलांडलेली महाविद्यालयं आहेत, इतिहास शिकणारी मुलं आहेत. दोन्ही भाषांच्या माणसांना एकत्र बसायला लावणारं असं काम सीमाभागात सहसा मिळत नाही. हे मिळतं आहे, कारण या रजिस्टरातली नावं मराठीही आहेत, कन्नडही, आणि तमिळ, तेलुगू, कोंकणी, उर्दूसुद्धा.

दुसरी बाजू माणसांची. कॅम्पात आज ऐंशीच्या घरात असलेले लोक १९४७ नंतरच्या त्या बदलाच्या काळात लहान होते. आजोबा मेसमध्ये होते, वडिलांनी बेकरी काढली, आपण घर कसं टिकवलं, हे ते सांगू शकतात. त्यांच्याकडे ट्रंकेत घातलेले भाडेपट्टे, शिफारसपत्रं, पलटणीने दिलेली प्रशस्तिपत्रकं आहेत की नाहीत, ते जाऊन विचारायला हवं. बी.सी. नंबरनुसार, रस्त्या-रस्त्याने. सुरुवात हॅवलॉक रोडच्या बंगल्यांपासून न करता मासळी बाजार आणि कोंडप्पा स्ट्रीटपासून करावी, आणि प्रत्येक घराला पहिला प्रश्न हा विचारावा की तुमच्यातलं इथे पहिलं कोण आलं, आणि कुठल्या कामाला.